रोज गोकुळ शिरगाव, महिन्याला घाट : डिझेल घ्यावी की टर्बो पेट्रोल?

राजारामपुरीकर
नमस्कार मंडळी. जुनी हॅचबॅक धाकट्या भावाला देतोय, आता नवी गाडी घ्यायची आहे. चार मीटरच्या आतलीच एसयूव्ही, कारण आमच्या गल्लीत त्याहून मोठी वळत नाही. रोजचं जाणं घर ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, एका बाजूला दहा-बारा किलोमीटर. सासुरवाडी कणकवलीला, महिन्यातून एखादी फेरी, कधी गगनबावड्यातून, कधी फोंड्यातून. मध्येच पुणं. वर्षाला सगळं मिळून बारा-तेरा हजार किलोमीटर धरा.

वडील म्हणतात, "डिझेलच घे, नाहीतर घाटात रडशील." शोरूमवाला म्हणतो, "सर, आता डिझेल कोण घेतंय?" दोघंही एकेक वाक्य टाकून मोकळे. मला पिकअप, एव्हरेज आणि सात-आठ वर्षांचा खर्च, तिन्हीचा नीट हिशेब हवाय. इलेक्ट्रिक सुचवू नका, गाडी रस्त्यावर लागते, चार्जिंगची सोय नाही.

तांबडा_पांढरा
वडिलांचं ऐका. विषय संपला. धागा बंद करा.

हिशेबनीस
विषय आत्ता सुरू झालाय. आकडे मांडते, ज्याला पटत नाहीत त्याने बदलून घ्यावेत.

टर्बो पेट्रोल (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने जादा हवा कोंबणारं इंजिन) शहर-हायवे मिळून १४ देते असं धरू. पेट्रोल १०५ रुपये. किलोमीटरला साडेसात रुपये. त्याच गाडीचं डिझेल १९ देईल, डिझेल ९१ धरलं तर पावणेपाचच्या थोडं वर. फरक किलोमीटरमागे दोन रुपये सत्तर पैसे.

आता गाडीच्या किमतीतला फरक. तोच मॉडेल, तीच फिचर्स घेतलीत तर ऑन रोड दीड लाखाच्या आसपास जातो. त्यात रोड टॅक्सही आला: आपल्या राज्यात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. दीड लाख भागिले २.७० म्हणजे साधारण ५५,००० किलोमीटर. तुमच्या चालीने साडेचार वर्षं. सर्व्हिसिंगचा जादा खर्च आणि दीड लाखावरचं कर्जाचं व्याज मिळवलंत तर सहावं वर्ष उजाडेल.

तोटा नाही, पण घबाडही नाही.

तांबडा_पांढरा
ताई, २०१२ ला हाच हिशेब मांडला असतात तर काय आला असता?

हिशेबनीस
तेव्हा पेट्रोल सत्तरीत आणि डिझेल चाळिशीत होतं. लिटरमागे तीस रुपयांचा फरक. डोळे झाकून डिझेल घ्यायचे ते दिवस. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचं सरकारी नियंत्रण गेलं आणि ती गंमत संपली. वडिलांच्या पिढीच्या डोक्यात अजून तोच फरक बसलाय.

जुनाखोंड
आमच्या पिढीच्या डोक्यात काय बसलंय ते मी सांगतो. नदीकाठचं रान होतं आमचं. पाणी उपसायला ऑइल इंजिन. डीकॉम्प्रेशनची लिव्हर दाबायची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हँडल फिरतं. फ्लायव्हीलला गती आली की लिव्हर सोडायची. लिव्हर न दाबता कुणी हँडल मारायला गेला तर मनगट गेलंच समजा. प्लग नाही, बॅटरी नाही, नुसत्या दाबाने हवा एवढी तापते की तेल आपोआप पेटतं. एकदा लागलं की रात्रभर चालायचं, फक्त टाकीत पाणी आणि तेल बघायचं. असलं यंत्र ज्याने वापरलंय तो पेट्रोलच्या नादाला लागत नाही बाबा.

उद्यमनगरी
काका, नमस्कार. तुमचा तो 'दाब' म्हणजेच सगळी गोम आहे, म्हणून धंद्यातलं बोलतो. माझं मशीन शॉप आहे. ब्लॉक आणि हेडची कामं रोज हाताखालून जातात.

पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहा-अकरा पट दाबली जाते, डिझेलमध्ये सोळाच्या आसपास. जेवढं जास्त दाबाल तेवढी जळणातल्या उष्णतेतून जास्त ताकद निघते. एव्हरेजचं मूळ तिथं आहे. दुसरं कारण, पेट्रोलला श्वास घेताना थ्रॉटलची झडप आडवी येते. हळू चालवताना ती जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिनाला ओढून हवा घ्यावी लागते. डिझेलला कमी-जास्त करायचं ते फक्त तेल, हवा मोकळी. तिसरं, लिटरच मुळात भारी आहे, लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणजे १४ आणि १९ मधला सगळा फरक इंजिनाची हुशारी नाही, थोडा मापाचाही आहे.

आणि ह्याच दाबापायी डिझेल महाग पडतं. ब्लॉक जाड लागतो, क्रँक भक्कम लागतो. छोट्या पेट्रोलचे ब्लॉक आता सर्रास अॅल्युमिनियमचे, डिझेलचे अजून बहुतेक बीडाचे. कॉमन रेलचा (सगळ्या नोझलना तेल पुरवणाऱ्या एकाच नळीचा) पंप तेल सोळाशे-दोन हजार बारच्या दाबाने नोझलला देतो. पेट्रोलमध्ये डायरेक्ट इंजेक्शन असलं तरी दोन-तीनशे बारमध्ये भागतं. दीड लाखातले बरेच पैसे त्या पंपात, नोझलमध्ये आणि मागच्या सायलेन्सरच्या लफड्यात आहेत. सायलेन्सरचं वेगळं लिहितो, आत्ता गिऱ्हाईक आलंय.

कागलचा_गडी
ऑइल इंजिनाचा विषय निघाला आणि कागल राहिलं असं कसं? किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आमच्या एमआयडीसीत आहे. डिझेल आमच्या रक्तात हाय भावा.

रंकाळावासी
रक्त तपासून घे.

घाटवाट
पिकअपवर कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. चार मीटरच्या आतल्या एका गाडीचीच तीन इंजिनं घ्या, ह्युंदाई व्हेन्यूची. १.२ साधं पेट्रोल, टॉर्क (म्हणजे फिरवायचा जोर) ११५ एनएमच्या आसपास, तोही ४००० आरपीएमला (मिनिटाला फेरे). १.० टर्बो पेट्रोल, १२० पीएस (अश्वशक्तीच धरा), १७२ एनएम, १५०० पासून ४००० पर्यंत. १.५ डिझेल, ११६ पीएस, २५० एनएम, १५०० ते २७५०.

कागदावर टर्बो पेट्रोल आणि डिझेलची ताकद सारखी, १२० आणि ११६. पण १७५० आरपीएमला बघा. डिझेल तिथं ६२ पीएस देतंय, टर्बो पेट्रोल ४३. पेट्रोलला त्याच ६२ ला पोचायला अडीच हजारांच्या पुढं न्यावं लागतं. भुईबावडा घाटाच्या वळणावर समोरून एसटी आली, थांबलात, परत उचललंत, तेव्हा हे १७५० वालं गणित पायाला कळतं. साधं १.२ पेट्रोल पाच माणसं आणि डिकीत फणस घेऊन त्या वळणावर पहिल्या गिअरची भीक मागतं.

पुणेरी_परतलेला
थोडा आक्षेप. टॉर्कचे आकडे असे थेट ताडून बघता येत नाहीत. चाकावर पोचतो तो टॉर्क गिअरिंगमधून गुणला जाऊन पोचतो, आणि डिझेल हळू फिरतं म्हणून त्याचं गिअरिंग लांब ठेवलेलं असतं. २५० एनएममधला काही भाग तिथंच जातो. घाटवाट ह्यांचं १७५० विरुद्ध अडीच हजार बरोबर आहे, पण पेट्रोलला अडीच हजारावर ठेवायला कुणी अडवलंय? आपल्याकडं लोक पेट्रोल गाडी डिझेलसारखी चालवतात, १४०० वर तिसरा टाकतात आणि मग म्हणतात ओढत नाही. गिअर खाली घ्या की.

आणि हायवेला ओव्हरटेक करताना टर्बो पेट्रोल ५५०० पर्यंत मोकळं धावतं. डिझेल ४००० च्या आसपास दमतं, मध्येच गिअर बदलावा लागतो.

घाटवाट
मान्य. पण गिअर खाली घेऊन अडीच-तीन हजारावर घाट चढवला की एव्हरेजचं काय होतं तेही लिहा. टर्बो पेट्रोल दम लागला की पेट्रोल पिऊनच दम भरून काढतं. हलक्या पायाने हायवेला १७-१८ देणारी गाडी घाटात भरून नेली की ९-१० वर येते. डिझेल अशा वेळी १४-१५ ला टिकतं. शोरूमवाला जो आकडा सांगतो तो ह्यातला कुठलाच नसतो.

कणकवलीकर
पाहुणे आमच्याकडचे निघाले, म्हणून दोन शब्द. चढणीचं सगळे बोलतात, उतरणीचं पण बघा. करूळ घाट उतरताना ज्या गिअरात चढला असतात त्याच गिअरात उतरा, मग गाडी कुठलीही असो. ब्रेकवर पाय ठेवून न्यूट्रलमध्ये उतरणारे अजून भेटतात, "पेट्रोल वाचतं" म्हणे. आताच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला तेल जातं. वाचत काहीच नाही, ब्रेक मात्र तापून जातात.

आणि येताना काजू-आंबे घेऊन येत नाही तो जावई कसला. त्यामुळं भरून जाण्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी धरा.

शुगरलॉबी
एव्हरेजच्या हिशेबात इथेनॉल कुणी धरलं? पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल (ई-२०) मिळतं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्याच आराखड्यात लिहिलंय, जुन्या धाटणीच्या चारचाकीत एव्हरेज ६-७ टक्के उतरेल, ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या गाडीत १-२ टक्के. नवी गाडी घेताय म्हणजे दुसऱ्या गटात याल.

पण तक्रार करायची नाही हं. आपलाच ऊस आहे.

रंकाळावासी
म्हणजे एफआरपी (उसाचा ठरलेला दर) द्यायला पण आपण आणि एव्हरेज गमवायला पण आपणच.

शुगरलॉबी
कोल्हापूरकर आहात, दोन्ही सोसायलाच हवं. टर्बोवाल्यांनी मात्र इथेनॉलला शिव्या घालू नयेत. त्याने ऑक्टेन वाढतो, आणि दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटण्याचा धोका टर्बोलाच जास्त असतो.

निपाणी_नाका
सीमेपलीकडे पेट्रोल थोडं स्वस्त पडतं. आमच्याकडं या टाकी भरायला.

हिशेबनीस
टाकीमागे वाचणार पन्नास-साठ रुपये, जाऊन-येऊन जळणार त्याच्या कितीतरी पट. वाटेतलं धपाटं वेगळं.

उद्यमनगरी
आलो. सायलेन्सरचं लफडं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आलं आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ लागला. म्हणजे काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरत आली की इंजिन आपणहून जादा डिझेल मारून तिचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत नेतं आणि काजळी जाळून टाकतं. त्याला पंधरा-वीस मिनिटं सलग चांगल्या वेगाने चालणं लागतं. गाडी नुसतीच घर ते दसरा चौक, दसरा चौक ते मंडई अशी फिरली तर जळण्याचं काम दरवेळी अर्धवट राहतं. जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. वर ते जादा मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं, ऑइलची पातळी वाढते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं की लोक खूश होतात, खरं तर तिथं घाबरायला पाहिजे.

मारुतीने तेव्हाच डिझेल बंद केलं. फियाटचं ते १.३ मल्टिजेट, १२४८ सीसीचं, किती कंपन्यांच्या गाड्यांत बसलं होतं! छोट्या गाडीला हे सगळं लावलं तर किंमत कुठल्या कुठं जाते, म्हणून छोटं डिझेल संपलं. काही गाड्यांत वर धूर साफ करायची ती युरियाची टाकीही असते, तीही भरायची.

तेव्हा राजारामपुरीकर, वर्षाचे किलोमीटर किती हा प्रश्न अर्धाच आहे. ते किलोमीटर कसे होतात हे आधी बघा. वर्षाला आठ हजार, पण सगळे पुण्या-बेळगावचे, तर डिझेल सुखात राहील. पंधरा हजार, पण तीन-तीन किलोमीटरचे तुकडे, तर जाळी रडवेल.

पुणेरी_परतलेला
+१. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. दहा-बारा किलोमीटरमध्ये राजारामपुरीपासून हायवेला लागेपर्यंतच निम्मा वेळ जातो, पुढं सहा-सात किलोमीटर मोकळे. काठावरचं प्रकरण आहे. महिन्याची कणकवली फेरी मात्र जाळीला औषध.

तांबडा_पांढरा
मोकळे? सातारा-कागल सहापदरीचं काम चालू असताना? त्या सर्व्हिस रोडवर माझी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेली आठवत नाही.

पूरग्रस्त
पावसाळ्याचं पण लिहा की. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता तेव्हा "डिझेलला प्लग नसतात, पाण्यातून जाते" म्हणून शेजाऱ्यांनी गाडी घातली. प्लग भिजायचा प्रश्न नसतो हे खरं, पण हवा घेतानाच पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागाच इतकी कमी उरते की थोड्या पाण्यातही खेळ खलास. नेहमीच्या विम्यात हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि बंद पडलेली गाडी पाण्यात परत स्टार्ट करायची नाही. शेजाऱ्यांनी तेच केलं.

जुनाखोंड
हे सगळं वाचून वाटतंय की ते ऑइल इंजिनच बरं होतं. ना जाळी, ना युरिया, ना दिवा.

उद्यमनगरी
आणि धूर, काका?

जुनाखोंड
धूर रानात जायचा.

राजारामपुरीकर
सगळ्यांचे आभार. रविवारी दोन्हींच्या टेस्ट ड्राइव्ह घेतल्या. शोरूमवाला ताराराणी चौकातून वळवून परत आणत होता, मी अडून बसलो. घरचे पाच जण, एसी चालू, थेट जोतिबाच्या डोंगरावर.

टर्बो पेट्रोल आवाजाला एकदम शांत. सरळ चढाला जोरात गेली. पण वळणावर वेग पडला की पंधराशेच्या खाली क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम उसळी. दुसऱ्या गिअरात ठेवली तर काही त्रास नाही. डिझेलचा क्लच जड, थांबलेली असताना स्टिअरिंगला थरथर येते, पण चढाला तिसऱ्यात जे लागलं ते लागलं. वडील मागे बसून "बघ, बघ" म्हणत होते.

एक सांगायचं राहिलं होतं. बायको शिक्षिका आहे, शाळा राधानगरीला. आत्ता एसटीने जाते. नवी गाडी आली की रोज तीच नेणार, मी गोकुळ शिरगावला मोटरसायकलने जाईन.

हिशेबनीस
हे आत्ता?

रंकाळावासी
पन्नास रिप्लाय झाल्यावर हिरोईनची एंट्री.

हिशेबनीस
राधानगरी एका बाजूला पन्नासच्या आसपास, म्हणजे दिवसाला शंभर. शाळेचे दोनशेच्या वर दिवस, वर कणकवली आणि पुणं. पंचवीस हजारांच्या पुढं जाताय. मग तेच ५५,००० किलोमीटर दोन-सव्वादोन वर्षांत होतात. त्यानंतर दर वर्षी साठ-सत्तर हजार तुमच्या खिशात. सर्व्हिसिंगचे जादा चार-पाच हजार गेले तरी काय.

उद्यमनगरी
आणि जाळीचा प्रश्न सुटला. शहर सुटल्यावर रोज तासभर सलग चालते म्हटल्यावर डीपीएफ आपला आपण साफ होत राहील. घ्या डिझेल. फक्त डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला ऑइलची पातळी बघा.

पुणेरी_परतलेला
मी पेट्रोलवाला, तरी ह्या वापराला डिझेलच म्हणेन. एकच, गाडी चालवणार त्या, तर टेस्ट ड्राइव्ह त्यांनी घेतली का? जड क्लच रोज शंभर किलोमीटर कुणाला दाबायचाय? ऑटोमॅटिक डिझेल बघा, पण त्याचे पैसे हिशेबात धरा, आणि प्रत्येक कंपनी ह्या आकारात डिझेल ऑटोमॅटिक देतेच असं नाही.

राजारामपुरीकर
तिने अजून चालवलेली नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घेऊन जातो.

घाटवाट
राधानगरी रोडलाच न्या, हळदी-परितेच्या ट्रॅफिकमधून. ऊस गाळप चालू असेल तर ट्रॅक्टरच्या मागे क्लचची खरी परीक्षा होईल.

नवा_गडी
इथंच विचारतो. २०१७ ची डिझेल मिळतेय, बीएस-४, ते १.३ वालं इंजिन, ऐंशी हजार चाललेली. डिझेलवर दहा वर्षांची बंदी आहे म्हणतात, घेऊ का?

पुणेरी_परतलेला
दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरचा. आपल्याकडं खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते. ह्या इंजिनाच्या बीएस-४ गाडीत जाळीची कटकटही नाही. टर्बो, क्लच आणि नोझल मात्र बघून घ्या.

जुनाखोंड
सकाळी गार असताना स्टार्ट करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून परत फिरा. गाडी कुठं आहे?

नवा_गडी
इचलकरंजीत, काका.

जुनाखोंड
मंगळवारी मी रिकामा आहे. उद्यमनगरीला पण घेऊ, त्याला गिऱ्हाईक नसलं तर.